टायर घासत होतं तोवर

धान कापलं की त्याचा वास बदलतो. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभं असताना तो ओला, किंचित दुधाळ असतो. कापून जमिनीवर पसरलं की उन्हानं कोरडा होतो आणि घशात बारीक टोचतो. यंदा नागपूरहून घरी येताना सिहोऱ्याच्या अलीकडे एसटीच्या खिडकीतून तो वास आत आला आणि शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी खिडकी लावायला हवी होती. मी लावली नाही.

या वासाबरोबर मला एक आवाज ऐकू येतो. रबर पत्र्याला घासल्याचा. तो फार मोठा नसतो. खाटेवर कुणी कूस बदलावी तेवढाच. पण त्या सुगीत आम्ही तिघं, म्हणजे बाबा, दादा आणि मी, रोज तो आवाज ऐकत नागपूरला जात होतो आणि परत येत होतो.

आवाज दादाच्या गाडीचा होता. सिहोऱ्यात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दुकानाच्या जोरावर त्यानं एक जुनी गाडी घेतली आणि पहिली गोष्ट काय केली, तर तिच्या स्प्रिंगा बदलून ती खाली बसवली. गाडी रस्त्यापासून एवढी कमी उंचीवर आली की खालून मांजर गेलं तरी कान पाडून जावं लागलं असतं. मग दसऱ्याच्या तोंडावर त्याला वाटलं, बसलेल्या गाडीला ही बारीक चाकं शोभत नाहीत. जुनी चाकं तुमसरच्या टायरवाल्या दुकानदाराला देऊन त्यानं रुंद टायर आणि स्पेसर घ्यायचं ठरवलं.

मला तुमसरला काम होतं म्हणून मी सोबत गेले होते. दुकानाबाहेर टायरांच्या थप्पीवर बसून पाहत होते. स्पेसर म्हणजे काय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अॅल्युमिनियमची एक जाड चकती, मधोमध मोठं भोक, भोवती बोल्टांची छोटी भोकं. ती चाक आणि गाडीच्या मधे बसवतात आणि चाक तेवढं बाहेर सरकतं. दादानं एक माझ्या हातात दिली. थंडगार होती. मी उगीच तिच्या भोकातून रस्ता पाहिला.

चाकं चढली, नट आवळले गेले. फिटर मागच्या चाकाशी वाकला आणि टायर आणि मडगार्डच्या मधे त्यानं बोट घालून पाहिलं. बोट जेमतेम गेलं.

"मागं वजनदार माणूस बसला तं लागन, भाऊ."

"मागं कोन बसते?" दादा हसून म्हणाला. त्याची नजर गाडीवरून हटत नव्हती.

घरी आणली तेव्हा बाबा अंगणात खाटेवर बसले होते. माझे बाबा तेव्हा अंगानं भरलेले होते. त्यांच्या वजनानं खाट कुरकुरायची. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकं पाहिली.

"आंदी रोवणीतल्या बाईवानी कमरेतून वाकली होती," ते म्हणाले, "आता बेंडकावानी पाय फाकवून बसली. काय दुखते रे तिले, बाबू?"

"बाबा, याले स्टान्स म्हणतेत."

"म्हणत असतीन. पण शेनखत कसं नेशीन यात?"

आई दारातच होती. ती तोंडावर पदर घेऊन हसली. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी गालाला हात लावला. गालात आतून फोड होता. पावसाळ्यापासून होता. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या माणसाच्या तोंडात फोड येतच असतो, असं आमच्या घरात आणि गावात सगळे धरून चालतात.

दसऱ्यानंतर तो काय आहे ते कळलं. शस्त्रक्रिया करण्यासारखं नाही, शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावे लागतील, आठवड्याचे पाच दिवस, आणि मधे खंड पडता कामा नये, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले. ते इंग्रजीत म्हणाले, माझ्याकडे पाहून. मी इंग्रजी शाळेत शिकले हे माणसं माझ्या गप्प बसण्यावरूनच ओळखतात की काय, कोण जाणे. बाबांनीच मला त्या शाळेत घातलं होतं. दादाला गावच्या शाळेत आणि मला तुमसरच्या इंग्रजी शाळेत, याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. डॉक्टर बोलत होते आणि बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते, भाव विचारायला आलेल्या माणसासारखे.

"काय म्हणते, बाई?"

"रोज यावं लागेल. चुकवायचं नाही."

"बरं होईन का?"

"होईल म्हणतात."

डॉक्टरांनी 'प्रयत्न करू' असं म्हटलं होतं. आमच्या बोलीत त्याला वेगळा शब्द मला सापडला नाही.

नागपुरात खोली घेऊन राहू, असं सगळ्यांनी सुचवलं. बाबा ऐकेनात. धान बांधीत उभं होतं, लवकर येणारं हलकं धान तर पिकून मान टाकत होतं. "धान बाहीर असताना मी नागपुरात झोपू का? झोप येईन का मले?" त्यामुळे रोज सकाळी निघायचं, शेक घ्यायचा, परत यायचं आणि उजेड असेल तर बांधीपर्यंत जाऊन यायचं, असं ठरलं. आई घरी राहून मजूर पाहणार होती. गाडी दादाची. दुसरी कुठली नव्हतीच.

बाबांना मागे आडवं होता यावं म्हणून मागची पूर्ण सीट त्यांना दिली. मी पुढे बसले. गाव सुटून पहिला खड्डा लागला आणि मागून तो आवाज आला. दादाचा चेहरा पडलेला मी आरशात पाहिला.  बाबाच म्हणाले, "लागली रे, बाबू. तुझी बेंडकी बोलून राहिली."

आमच्या गावाबाहेर नहराचा, म्हणजे कालव्याचा, पूल आहे. पूल कसला, रस्त्याला आलेला पाठीसारखा बाक. इतर गाड्या तो ओलांडतात आणि विसरतात. बसवलेल्या गाडीला तो ओलांडता येत नाही. आधी तिरपं व्हावं लागतं, मग एकेक चाक हळूहळू वर घ्यावं लागतं, आणि मागे माणूस असेल तर टायर मडगार्डमधे शिरून करकरतं. म्हणून पुलाच्या अलीकडे आम्ही उतरायचो. बाबा आधी पाय बाहेर टाकायचे, दाराला धरून उठायचे, कमरेवर हात ठेवून मला म्हणायचे, "चला बाई, आपन गाडीले पोहोचवून देऊ." मग आम्ही दोघं पूल चालत पार करायचो आणि पलीकडे थांबून दादा गाडी कशी काढतो ते पाहायचो.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. बाबांना सगळे ओळखत.

"काय गा भाऊ, गाडीत बसाचं सोडून पायी काहून?"

"गाडी माह्या पोराची हाय. तिले बसाले माणूस चालत नाही, पाहाले चालते."

हे ते रोज नव्यानं म्हणायचे आणि रोज कुणीतरी हसायचं. दादाही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. मी पाहायचे.

मला त्या दिवसांतला दवाखाना तुकड्यातुकड्यानं आठवतो. थंडगार ओटा. शेक देताना डोकं हलू नये म्हणून बाबांच्या चेहऱ्याच्या मापाची एक प्लास्टिकची जाळी बनवली होती. ती तोंडावर घालून ओट्याला पक्की करायचे. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर बाबांच्या कपाळावर, गालावर तिचे चौकोन उमटले होते. "चुरणीत बैलाले मुस्कं बांधतेत ना, तसं बांधलं मले," ते म्हणाले. "धान खाऊ नये म्हणून." आणि खरंच, त्यानंतर हळूहळू त्यांचं खाणं थांबत गेलं. आधी भाकर गेली, मग भात गेला, मग भाताची पेजही घशाखाली उतरेना. सुगीच्या दिवसांत, नवं धान घरात येत असताना, आई त्याच धानाच्या तांदळाची पेज गाळण्यातून गाळायची आणि ते वाटीकडे पाहत बसायचे.

मानेची कातडी काळी पडली. आवाज बसला. पुलावरच्या माणसांना उत्तर द्यायला आता ते नुसता हात हलवायचे.

दादा मात्र गाडीच्या मागे लागला होता. त्याला वाटत होतं, बाबांना त्रास होतो तो गाडीमुळे. खड्ड्यांतून अंग हिंदकळतं, टायर घासलं की दचकतात, पुलावर उतरावं लागतं. गाडी नीट झाली की बाबांना आराम पडेल आणि आराम पडला की बरे होतील, असा काहीसा हिशेब त्याच्या मनात तयार झाला होता. मी तो कधी खोडून काढला नाही. तो पुन्हा तुमसरच्या त्या दुकानात गेला. स्पेसर काढून पाहिले, तर रुंद टायर आतल्या बाजूनं शॉकअपला लागलं. पुन्हा घातले, तर बाहेर मडगार्डला लागलं. जुनी चाकं दुकानदारानं केव्हाच विकून टाकली होती. शेवटी एका रविवारी त्यानं अंगणातच मागची चाकं काढली, मडगार्डची आत वळलेली पत्र्याची कड गरम केली आणि लाकडी ठोकळा लावून हातोडीनं ठोकत राहिला. बाबा खाटेवरून पाहत होते. खाट आता कुरकुरत नव्हती. हे मला आज लिहिताना सुचतंय की तेव्हाच जाणवलं होतं, ते सांगता येत नाही.

आज ते चारही स्पेसर घरात आहेत. गाडीला दादानं मागाहून साधी चाकं बसवली. एका स्पेसरवर आई पाण्याचा गुंड, मोठी घागर, ठेवते. गोल बुडाला तो बरोबर बसतो. काल मी पाणी घेताना तिला विचारलं, हे कशाला ठेवलंस. ती म्हणाली, "मजबूत हाय." एवढंच. आमच्या घरात सगळेच कमी बोलतात, एक बाबा सोडले तर.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी आम्ही निघालो तेव्हा पहिल्या खड्ड्यात आवाज आला नाही. दुसऱ्यातही आला नाही. दादानं आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. नहराच्या पुलाशी त्यानं आम्हाला उतरू दिलं नाही. "बसा बाबा, पाहू तं." त्यानं गाडी तिरपी केली, मग सरळच घातली. मागची चाकं वर चढली आणि उतरली. काही घासलं नाही, काही करकरलं नाही.

"बसलं!" दादानं स्टिअरिंगवर थाप मारली. "कड ठोकली ना, बसलं बरोबर! म्हटलं होतं ना मी?"

दिवसभर तो वेगळाच माणूस होता. दवाखान्याच्या आवारात त्यानं मला चहा पाजला. आतमधे तंत्रज्ञ मला सांगत होता की बाबांची जाळी आता सैल होते, नवीन माप घ्यावं लागेल. मी मान हलवली. बाहेर आल्यावर दादा खाली बसून मडगार्ड आणि टायरच्या मधे बोटं घालून पाहत होता. आता दोन बोटं सहज जात होती. "पाय, किती जागा झाली," तो म्हणाला. मी पाहिलं.

त्या दिवशी आमच्या गावची मंडई होती. दिवाळी झाली की आमच्याकडे एकेका गावाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी त्या गावात बाजार भरतो, लेकीबाळी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे असतात. आम्ही परतलो तेव्हा रस्त्यावर दुकानं लागली होती. जिलेबीचा, तळणाचा, धुळीचा वास, फुगे, बांगड्या, पाळणा. गाडीला चालीच्या वेगानं जावं लागलं. दादाला हे किती दिवसांपासून हवं होतं ते मला माहीत होतं. नव्या चाकांवर बसलेली गाडी भर मंडईतून न्यायची आणि मागे बाबा. पोरं जवळ आली. वाकून चाकं पाहू लागली.

"कोणते टायर होत, भाऊ?"

"स्पेसर टाकले का? कितीचे?"

दादा काच खाली करून उत्तरं देत होता. दुसऱ्या बाजूनं मोठी माणसं आली. बाबांची तब्येत विचारायला. त्यांनीही वाकून मागच्या काचेतून पाहिलं. एका बाजूनं पोरं चाकांकडे वाकली होती, दुसऱ्या बाजूनं त्यांचे बाप बाबांकडे. "काय गा भाऊ..." म्हणून एकानं सुरुवात केली आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. बाबांनी गळ्याभोवतीचा दुपट्टा जरा वर घेतला आणि हात जोडले. ती माणसं मागे सरली. त्यांनी आपापल्या पोरांना खांद्याला धरून गाडीपासून ओढलं. समोरचा रस्ता एकदम मोकळा झाला. दादाला वाटलं, गाडीसाठी वाट दिली. मी समोर पाहत राहिले.

घरी पाहुणे होते. ते मंडईत गेल्यावर आई दादाला वाढायला बसली. तो जेवता जेवता सांगत होता, कड कशी ठोकली, पूल कसा सरळ काढला, आता बाबांना उतरायची गरज नाही. आई ऐकत होती. तिनं त्याच्या ताटात वरण वाढलं आणि पळी भांड्यात ठेवली.

"गाडी नाही सुधरली, बाबू," ती म्हणाली. "ते हलके झाले."

ती रागानं बोलली नव्हती. भात कच्चा राहिला हे सांगावं तसं तिनं सांगितलं. दादानं हातातला घास ताटात ठेवला. त्यानं ताटावरून उठून हात धुतला नाही, तसाच अंगणात गेला आणि गाडीच्या मागच्या चाकाशी उभा राहिला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा जागे होते. त्यांनी ऐकलं हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं, कारण तो थोडा वेळ थांबला होता.

त्यानंतर दादा गाडीबद्दल काही बोलला नाही. पुलावर गाडी न थांबवता सरळ काढायचा. काही घासायचं नाही. गाडीत एवढी शांतता असायची की मला वाटे, एखादा मोठा खड्डा लागावा. कापणी झाली, कापून पसरलेल्या कडपा सुकल्या, त्यांचे बांधलेले भारे एकावर एक रचून ठिकठिकाणी पुंजणी उभी राहिली. दुरून ती गवताच्या झोपड्यांसारखी दिसतात. बाबा खिडकीला डोकं टेकून ती पाहायचे. आमची पुंजणीही झाली होती. ती पाहायला बांधीपर्यंत चालत जाणं त्यांना जमलं नाही. आईनं धानाच्या लोंब्यांची एक मूठ आणून त्यांच्या उशाशी ठेवली.

मग एका दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. यापुढे शेक सोसवणार नाहीत, इथेच थांबू, घरी न्या, जे घेतील ते द्या. ते हळू, नीट, इंग्रजीत बोलले. मी बाहेर आले. दादा दाराशी उभा होता, बाबा बाकावर. दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते. या वेळी बाबांनी 'काय म्हणते' असं विचारलं नाही.

"उद्यापासून यायचं नाही," मी म्हणाले.

दादानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. बाबांनी मान हलवली आणि उठण्यासाठी हात पुढे केला.

आम्ही परत निघालो. उन्हं उतरली होती, पुंजण्यांच्या सावल्या बांधीभर लांबल्या होत्या. गावाजवळ आलो. पूल दिसला. दादा गाडी नेहमीसारखी सरळ घेऊन निघाला होता, तेवढ्यात मागून त्याच्या सीटवर थाप पडली. हलकीच. दादानं ब्रेक दाबला.

बाबांनी दार उघडलं होतं. पाय बाहेर टाकला होता.

"बाबा, गरज नाही. नाही लागत आता," दादा म्हणाला आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यानं आरशावरची नजर काढून घेतली.

बाबांनी घशातून कसाबसा आवाज काढला. "उतरू दे."

मी धावत बाहेर आले, त्यांच्या काखेत हात घातला. त्यांनी तो काढला. दाराला धरून उभे राहिले, दुपट्टा सारखा केला आणि पुलाकडे चालू लागले. मी मागे चालले, हात न लावता. नहराला पाणी नव्हतं. मधे ते एकदा थांबले, कमरेवर हात ठेवला, पुन्हा निघाले. सायकलवरून एक माणूस आला, उतरला आणि काही न विचारता सायकल हातात धरून उभा राहिला. आम्ही पलीकडे पोहोचलो. बाबा वळून गाडीकडे तोंड करून उभे राहिले, रोज उभे राहायचे तसे.

दादानं गाडी तिरपी केली. सरळ निघाली असती. पण त्यानं पूर्ण तिरपी केली, पहिल्या दिवसांसारखी. एक चाक वर घेतलं, थांबला, दुसरं घेतलं, खिडकीतून मान बाहेर काढून मागच्या टायरकडे पाहिलं, पुन्हा इंचभर पुढे आला. त्याला पूल ओलांडायला किती वेळ लागला कोण जाणे. बाबा हातानं खूण करत होते, इकडं घे, बस, आता सोड.

गाडी आमच्याजवळ येऊन थांबली. बाबांनी भुवया उचलून विचारलं.

"नाही लागली, बाबा," दादा म्हणाला. तो समोर पाहत होता. "तुम्ही उतरले म्हणून निंगाली. बसून राहिले असते तं लागली असती."